बेटावर सामान सांभाळणारे

रायगड जिल्ह्याला लांबलचक समुद्रकिनारा लाभला असला, तरी जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, महाबळेश्वरच्या पायथ्याशी वसलेल्या पोलादपूर तालुक्याच्या वाट्याला त्यातला वावभर किनाराही आलेला नाही. येथे पाणी येते ते डोंगरावरून, आधी पावसाच्या आणि मग सावित्रीच्या रूपाने, आणि भरती-ओहोटीशी त्या पाण्याची गाठ पडते ती पार महाडला पोहोचल्यावर. महाड हे एके काळी या भरतीच्याच भरवशावर चालणारे खाडीकाठचे बंदर होते. बाणकोटच्या मुखातून आत शिरलेली गलबते पाणी चढले की तेथवर येत आणि माल उतरवून उतरत्या पाण्याबरोबर परतत. पोलादपूरच्या बाजूला गलबत आले नाही, आले ते त्यातून उतरलेले मीठ आणि सुकी मासळी, तीही बैलांच्या पाठीवर लादून घाटावर निघालेली. समुद्र हा त्यामुळे या मुलखात रोजच्या कामाचा विषय झाला नाही. सुट्टीत मुद्दाम जाऊन पाहण्याची गोष्ट, एवढेच त्याचे स्थान राहिले.

दिवाळीची सुट्टी लागली, किंवा मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले, की दोन-तीन घरे मिळून एक गाडी ठरवतात आणि माणगाव-म्हसळ्यामार्गे दिघीला जाऊन जंजिरा पाहतात, कशेडी ओलांडून हर्णैला सुवर्णदुर्गासमोर उभी राहतात, किंवा हौस आणि पैसा दोन्ही जमून आले तर सुमारे 300 किलोमीटरांवरचे मालवण गाठतात. अशा बहुतेक गाड्यांत एक तरी माणूस असा निघतो, की जो होडीत बसतो, बेटावर उतरतो, पण पुढच्या कार्यक्रमात मात्र भाग घेत नाही. बाकीचे लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत असताना चपलांचा, मोबाइलांचा, पाकिटांचा आणि एखाद्या काढून ठेवलेल्या मंगळसूत्राचा ढीग त्याच्यापुढे जमत जातो, आणि तासाभरासाठी तो साऱ्या मंडळींचा खजिनदार होतो. त्याला भित्रा ठरवून मोकळे होण्याची रीत सार्वत्रिक आहे. ती रीत फारशी विचारपूर्वक पडलेली नाही.

ज्यात तो भाग घेत नाही, तो कार्यक्रम एव्हाना ठरून गेला आहे. मालवणच्या दक्षिणेस देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे, वाळूचा एक उंचवटा पाण्याबाहेर आलेला आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे स्थानिक सांगतात आणि म्हणून त्याला त्सुनामी आयलंड हेच नाव पडले आहे. पर्यटकांना तेथे होडीने नेऊन सोडतात आणि मग एकामागून एक प्रकार सुरू होतात: पाण्यावर मोटरसायकलसारखी धावणारी जेट स्की, वेगवान बोटीमागे दोर लावून ओढली जाणारी बंपर राइड, आणि जवळच्या खुल्या समुद्रात, बोटीला बांधलेल्या छत्रीने माणसाला हवेत उचलणारे पॅरासेलिंग. तारकर्लीला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास यात स्नॉर्केलिंगची, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावरून तळ पाहण्याची, आणि स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन प्रत्यक्ष खाली उतरण्याची भर पडते. सगळ्याचे मिळून एक पॅकेज असते आणि पॅकेज घेतले की त्यातले काही सोडणे हे पैसे पाण्यात घालण्यासारखे वाटते, जरी या बाबतीत पैसे पाण्यातच घालायचे असतात.

बनाना राइड हा प्रकार त्यातल्या त्यात जवळून पाहण्यासारखा आहे. हवा भरलेल्या केळ्याच्या आकाराच्या एका लांब नळकांड्यावर पाच-सहा माणसे घोड्यावर बसावे तशी बसतात, समोरच्या पट्ट्याच्या कडीत बोटे अडकवतात, आणि पुढची बोट दोर ताणत निघते. पहिली दोन-तीन मिनिटे नुसता वेग आणि डोळ्यांत उडणारे खारे पाणी असते. मग बोट चालवणारा मागे वळून एकदा हसतो, अचानक तिरपे वळण घेतो, आणि केळे आडवे होऊन सगळी माणसे पाण्यात फेकली जातात. हे उलटणे अपघाताने होत नाही. राइडच्या किमतीत ते धरलेले असते आणि बहुतेकांना तोच सर्वांत मजेचा भाग वाटतो. जॅकेटमुळे माणूस बुडत नाही, पण नाकातोंडात गेलेले पाणी, कानाशी दुसऱ्याचा गुडघा, आणि नंतर त्या निसरड्या रबरावर पुन्हा चढताना दंडाला धरून वर ओढले जाणे हे सगळे त्यात येतेच. यात ज्याला मजा वाटते त्याला ती खरोखर वाटते. पण ज्याला वाटत नाही त्याने आपल्या न वाटण्याचे कारण सांगत बसावे, अशी अपेक्षा मात्र एकतर्फी आहे.

न आवडण्याची कारणे पुष्कळदा मनाऐवजी शरीरात सापडतात. पाण्याखाली दर दहा मीटरांना हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि कानाच्या पडद्यामागच्या पोकळीला तो पहिल्या एक-दोन मीटरांतच जाणवू लागतो. नाक दाबून हलकेच फुंकर मारून आतला दाब बाहेरच्याएवढा करावा लागतो, आणि सर्दी झालेल्या माणसाला किंवा ज्याची कानापासून घशात जाणारी नळी सहज उघडत नाही त्याला ते साधत नाही. शिवाय मुखवट्यामुळे नाक बंद असते आणि जन्मभर नाकाने घेतलेला श्वास तोंडाने घ्यावा लागतो, तोही आपल्याच बुडबुड्यांचा घरघराट ऐकत. पहिल्यांदा उतरणाऱ्याला प्रशिक्षक मानेमागच्या टाकीला धरून खाली नेतो, प्रवाळाजवळ उभा करतो, माशांना जवळ बोलावतो आणि कॅमेऱ्यासमोर अंगठा-तर्जनीचे वर्तुळ करायला लावतो. मालवणच्या समुद्रात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि त्या तळाशी पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण दुखरा कान घेऊन पाहिलेल्या प्रवाळातून चित्रफितीपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

बोट लागणे हे दुसरे कारण, आणि आंबेनळी घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. डोळे होडीची फळी स्थिर पाहतात, आतला कान मात्र सगळे हलत असल्याचे कळवतो, आणि या दोन परस्परविरोधी निरोपांचा निवाडा पोट करते. होडी चालू असते तेव्हा हा त्रास कमी असतो. ती थांबून लाटेवर डुलू लागली की तो वाढतो. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या नेमक्या अशाच थांबतात. कोकणच्या किनाऱ्यालगत, खाड्यांच्या मुखाशी, पाठीवर कुबड असलेले हंपबॅक डॉल्फिन वावरतात. श्वास घेण्यापुरते वर आलेले ते क्षणभर दिसतात, आणि दिसताच चार होड्या इंजिने पेटवून त्या दिशेने धावतात. डॉल्फिन पाण्याखाली आवाजाच्या आधाराने वाट काढतो, तेव्हा या धावाधावीत त्यालाही सुख नसावे. मळमळत बसलेला प्रवासी आणि पाण्याखालचा डॉल्फिन यांचे त्या घटकेला एकमत असते, असे म्हटले तर ते फार ताणलेले होणार नाही.

पोलादपूर-महाडच्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. येथील पोरे सावित्रीच्या डोहात, कमरेला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकत आली आहेत, आणि ज्याने असा डोह पार केला आहे त्याला लाइफ जॅकेट घालून दोराने ओढले जाणे हे पोहण्याचा अपमान वाटू शकते. जो हात मारून पुढे जातो त्याला पार्सलासारखे नेले की त्याचा विरस होतो. त्याच नदीचे दुसरे रूपही त्याने पाहिलेले असते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला, दोन एसटी बस आणि इतर वाहने माणसांसह वाहून गेली, आणि शोध घेणारी पथके सावित्रीच्या मुखापर्यंत, पुढे समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेली. 22 जुलै 2021 ला महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड आली; पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडी या वस्त्यांवरही दरडी कोसळल्या. ज्या मुलखात दर पावसाळ्यात नदीची पातळी विचारली जाते, तेथल्या माणसाने मुद्दाम पैसे मोजून पाण्यात फेकले जाण्यास नकार दिला तर त्यात नवल कसले?

स्त्रियांच्या नकाराला याहून साधी कारणे असतात आणि त्यांचा उल्लेख माहितीपत्रकात कधी होत नाही. साडी किंवा पंजाबी ड्रेस ओला करून शंभर अनोळखी माणसांतून चालत जायचे, कपडे बदलण्यासाठी ताडपत्रीचा आडोसा शोधायचा आणि मग वाळू चिकटलेल्या अंगाने परतीच्या गाडीत पाच-सहा तास बसायचे, याला सहल म्हणण्यास बरीच उदार वृत्ती लागते. घरातली ज्येष्ठ बाई अशा वेळी ‘तुम्ही जा, मी बसते सामानापाशी’ म्हणते, आणि तिचे हे वाक्य त्यागाचे मानले जाते. पुष्कळदा ती तिची स्वतःची निवड असते, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिच्याकडे कोणी चहा मागत नसतो.

या माणसांना बेटच आवडत नाही असे मात्र म्हणता येत नाही. जंजिऱ्याला शिडाची होडी मुख्य दरवाजाच्या पायऱ्यांशी लागते तेव्हा ती लाटेबरोबर हात-दीड हात वर-खाली होत असते. नावाडी एक पाय होडीत आणि एक दगडावर ठेवून, होडी वर आलेली असेल तो क्षण पाहून, एकेकाला मनगटाला धरून उतरवून घेतो. यात बनाना राइडपेक्षा धोका कमी नाही, तरीही सामान सांभाळणारे येथे मागे राहत नाहीत, कारण पलीकडे जायचे कारण त्यांना समोर दिसत असते. आत गेल्यावर कलालबांगडी तोफेपाशी छायाचित्रे निघतात, पण डोंगराकडची माणसे रेंगाळतात ती गोड्या पाण्याच्या तलावाशी. सिंधुदुर्गावरही तसेच होते. शिवाजी महाराजांनी 1664 साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला तेव्हा समुद्राच्या वेढ्यात गोडे पाणी होते म्हणूनच ती जागा उपयोगाची ठरली. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे पाणी आजही दाखवले जाते. बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून मुरतो, आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्याशी चटकन न मिसळता वरच्या अंगाला टिकून राहते, असे याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडून एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते; तेथून आलेल्या माणसाने त्या विहिरीच्या काठावरून वाकून पाहत ‘उन्हाळ्यात किती राहतं?’ असे विचारणे, यात त्याची सगळी सहल वसूल होते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर तर चालत जाता येते, फक्त पाणी केव्हा उतरेल हे ठाऊक हवे. कोळी आणि खलाशी यासाठी तिथीची पाऊणपट करतात: अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मात्र अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे दुपारी गुडघाभर पाण्यातून जावे लागण्याची शक्यता असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते खूप चढते तसे खूप हटते, आणि सकाळ-संध्याकाळी वाट जवळजवळ कोरडी पडते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहून पेरणीपासून जत्रेपर्यंत सगळे ठरवणाऱ्या घरात हा हिशेब एकदा सांगितला की पाठ होतो, आणि मग जेट स्कीला हात न लावणारे आजोबा किल्ल्यावरून परतायची वेळ साऱ्या मंडळींना अचूक सांगतात.

मे महिना सरत आला की समुद्र खवळतो आणि ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा व किल्ल्यांच्या होड्या बंद राहतात. जंजिऱ्याच्या दरवाजापर्यंत कोणी पोहोचत नाही आणि देवबागची रबरी केळी हवा काढून शेडमध्ये घडी होऊन पडतात. त्याच महिन्यांत मुंबई-पुण्याच्या गाड्या पोलादपूरवरून आंबेनळी घाटाकडे वळतात, वळणावळणाला थांबतात, आणि माणसे कपड्यांनिशी धबधब्याखाली उभी राहून ओरडतात. भातलावणीची चिखलणी आटोपून इरल्याखाली घरी निघालेली स्थानिक माणसे त्यांच्याकडे पाहत पुढे जातात. त्यांतले कोणी त्या धारेखाली जाऊन उभे राहत नाही, आणि ते का राहत नाहीत असे त्यांना कोणी विचारतही नाही.