अकोला ते अमरावती : खेळांची मेजबानी

आमच्या उर्दू शाळेतील मुलींचा खो-खोचा संघ या वर्षी जिल्ह्यात पहिला आला. माशाअल्लाह, शाळेत पेढे वाटले गेले. पण पुढचे विभागीय सामने अमरावतीला होते आणि एक रात्र मुक्काम करावा लागणार होता. संमतीपत्रे घरोघरी गेली. बारापैकी अकरा दोन दिवसांत सह्या होऊन परत आली. बारावे आलेच नाही. ते आमच्या कर्णधार मुलीचे होते.

शेवटी आम्ही दोघी शिक्षिका तिच्या घरी गेलो. तिचे अब्बा कापसाच्या जिनिंगवर कामाला आहेत. त्यांनी चहा मागवला, आमचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मॅडम, खेलने को मेरी ना नहीं है. लेकिन बच्चियां रात को रहेंगी किधर? और कपड़े किधर बदलेंगी?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे होते. अमरावतीला नागपुरी गेटजवळ आमच्या एका सहशिक्षिकेच्या खालाजान राहतात, त्यांच्याकडे सोय झाली होती. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही म्हणालो, "असेलच ना काहीतरी सोय तिथे." त्यांनी सही केली. ते 'असेलच' आम्हाला पुढे फार जड गेले.

सकाळी एसटीने निघालो. बोरगाव मंजू, कुरणखेड, मूर्तिजापूर. पूर्वी या रस्त्याने जायचे म्हणजे कमरेचे हाल व्हायचे. आता गाडी पाण्यासारखी जाते. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर, अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना या पट्ट्यात, ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. मुलींना हे सांगितले तेव्हा एकीने खिडकीतून वाकून रस्त्याकडे बघितले, जणू त्यावर कुठे लिहिलेलेच असेल. विक्रमाचा रस्ता आपल्या दारातून जातो याची आपल्याकडे कुणाला फारशी खबर नाही.

सामन्यांचे मैदान कोणते होते ते आम्ही लिहीत नाही. तक्रार करायला हा लेख नाही. पाच जिल्ह्यांचे संघ आले होते. मैदान चांगले आखलेले, पंच वक्तशीर. मुलींसाठी एक खोली होती, पण तिच्या दाराला आतून कडी नव्हती आणि खिडकीची काच फुटलेली होती. आमच्या मुलींनी चार ओढण्या जोडून पडदा धरला आणि एकेक करून कपडे बदलले. यवतमाळकडच्या एका संघाच्या मुली शेजारीच उभ्या होत्या. त्यांनीही मग तोच पडदा वापरला. धरायला कधी आमच्या मुली, कधी त्यांच्या. पाणी पिण्याच्या टाकीपाशी पेला एकच, तोही साखळीला बांधलेला.

पहिला सामना आम्ही जिंकलो, दुसरा हरलो. कर्णधार छान पळाली, पण दुसऱ्या डावात धापा टाकू लागली. नंतर कळले की सकाळपासून तिने पाणीच प्यायले नव्हते. का, ते मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून मुली काय काय करतात, ते आपल्या घरातल्या मुलीला विचारून पाहा.

रात्री खालाजानकडे आलू-गोश्त आणि ज्वारीच्या भाकरी झाल्या. पंधरा जणींचे जेवण त्यांनी आणि त्यांच्या सुनेने मिळून केले. मुली पोहोचण्याआधीच त्यांनी न्हाणीघराच्या दाराला आतून नवी कडी बसवून घेतली होती, कारण जुनी सैल होती. आम्ही काही बोललो नव्हतो. त्यांना आपोआपच सुचले. दिवसभर आम्ही मैदानावर जे शोधत होतो ते इथे होते.

सकाळी बसला वेळ होता, म्हणून मुलींना हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ दाखवायला नेले. एका पालक बाईंनी निघण्याआधी नावावरून जरा शंका काढली होती. त्यांना सांगितले की आमच्या शाळेचे निवृत्त पीटी सर, पाच वक्ताचे नमाजी, इथेच शिकून आलेले आहेत. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंत कृष्ण वैद्य यांनी, १९१४ मध्ये हा आखाडा सुरू केला. आज तिथे शारीरिक शिक्षणाचे मोठे महाविद्यालय आहे आणि वऱ्हाडातील कित्येक शाळांचे क्रीडाशिक्षक तिथलेच.

मैदानावर पुरलेला मल्लखांब होता. शेजारी दोरीचा मल्लखांब टांगलेला, त्यावर मुली सराव करत होत्या. लाकडी खांबाला एरंडेल तेल लावतात. आमच्या धाकटीने हात लावून बघितला आणि दिवसभर हात हुंगत राहिली. मल्लखांबाची एक कथा सांगतात. निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पेशव्यांच्या दरबारी आव्हान घेऊन आले. त्यांच्याशी लढण्याच्या तयारीतून बाळंभट देवधरांनी मल्लखांबाचे तंत्र घडवले. कथा कितपत खरी ते इतिहासवाले जाणोत. आमच्या मुलींना मात्र अली आणि गुलाबचेच कौतुक वाटले. ते आले नसते तर हा खेळ कुठून आला असता, असा त्यांचा सवाल.

याच मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला गेले होते. ऑलिंपिक तिथे भरले होते. आपल्या हॉकी संघाने ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ ने हरवले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच वेळी अमरावतीच्या तरुणांनी तिथे कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, हे कमी जणांना ठाऊक आहे. त्याला पदक नव्हते, गुण नव्हते. पाहुण्याने यजमानाच्या अंगणात आपली कला दाखवावी, तसे ते होते. पुढे १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धांत कबड्डी आली. आशियाई स्पर्धेत ती पदकासाठी खेळली गेली १९९० मध्ये, बीजिंगला. बर्लिनपासून मोजा, ५४ वर्षे लागली.

मुलींपैकी एकीने विचारले, "टीचर, आपण त्यांच्याकडे गेलो. ते आपल्याकडे कधी आले?"

प्रश्न चांगला होता. उत्तर अलीकडचे आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईला, दादरच्या शिवाजी पार्कवर, मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशी मुलेमुली आपल्या खांबावर चढली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. वीसपेक्षा जास्त देश आले होते. १९ जानेवारीला दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवले. महिलांचा निकाल ७८-४०, पुरुषांचा ५४-३६. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आमच्या मुलींनी तो सामना मोबाइलवर पाहिला होता. गुण त्यांना आमच्यापेक्षा पक्के पाठ होते.

यातला एकही खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. अशा ऑलिंपिकबाह्य खेळांची एक जागतिक जत्राही असते, तिला 'वर्ल्ड गेम्स' म्हणतात. १९८१ मध्ये अमेरिकेतील सांता क्लारा येथे ती सुरू झाली आणि दर चार वर्षांनी भरते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये चीनच्या चेंगडूत झाली. तिथे रस्सीखेच आहे म्हटल्यावर मुली खो खो हसल्या. त्यांना वाटले रस्सीखेच फक्त शाळेच्या गॅदरिंगला असते. १९२० पर्यंत ती ऑलिंपिकमध्येही होती. कंपाउंड धनुर्विद्याही इथे असते. नागपूरचा ओजस देवतळे याच कंपाउंड प्रकारात २०२३ मध्ये जगज्जेता झाला, तोही बर्लिनलाच. आणि आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात सोने घेऊन आला. म्हणजे वऱ्हाड-विदर्भाची मुले आजही पाहुणे म्हणून जातात आणि जिंकून येतात.

मेजबानीचा विषय निघाला की आपल्याकडे म्हणतात, ते मोठ्या शहरांचे काम. भारताने २०३६ च्या ऑलिंपिकसाठी इच्छा कळवली आहे. बर्लिनला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होतील. ते खरोखरच मोठ्या शहराचे काम आहे. पण वर्ल्ड गेम्सचा रिवाज वेगळा आहे. त्यासाठी नवी स्टेडियम बांधायची नसतात. गावात जे आहे ते नीट करून वापरायचे. म्हणून ती लहान शहरांतही भरली. १९९७ मध्ये फिनलंडच्या लाहतीत झाली, तेव्हा त्या गावाची वस्ती लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या अचलपूरएवढी. २०२९ ची जर्मनीतील कार्ल्सरूहला आहे. तिथली लोकसंख्या तीन लाखांच्या घरात आहे. आपल्या अकोल्याची २०११ च्या गणनेत सव्वाचार लाख होती, अमरावतीची जवळपास साडेसहा लाख.

तेव्हा कमी आहे ते काय? पैसा कमी आहे, मान्य. पण रस्ता विक्रमी आहे, आखाडा १९१४ पासूनचा आहे, खेळाडू आहेत, आणि पंधरा पाहुण्यांना अचानक जेवू घालणाऱ्या खालाजान गल्लोगल्ली आहेत. मैदानावर पाहुणी मुलगी येईल तेव्हा ती कपडे कुठे बदलेल, हे मात्र कुणी आधी विचारत नाही. ज्या बापाने ते विचारले त्याला आपण मागासलेला समजतो. आम्हीही त्या दिवशी मनातल्या मनात तसेच समजलो होतो, हे कबूल करायला हवे.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मुली झोपल्या होत्या. तिथे भजी घेतली आणि मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर एक यादी लिहिली. पुढच्या वर्षी तालुक्याचे सामने आमच्या शाळेच्या मैदानावर घ्यायचे, आणि पाहुण्या संघांना काय काय द्यायचे, त्याची यादी. काही ओळी उर्दूत, काही मराठीत. पाण्याचे दोन रांजण आणि वीस पेले. एक खोली, तिला पडदा. स्वच्छतागृहात बादली आणि साबण. प्रत्येक संघासोबत आमची एक मुलगी, त्यांना काय हवे नको ते बघायला. एकीने शेवटी लिहिले, 'हरलेल्यांनाही पेढे.' त्यावर बरीच भांडणे झाली.

बसस्थानकावर कर्णधार मुलीचे अब्बा उभे होते. हरल्याचे त्यांना फोनवर कळले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आमच्याकडे वळले. आम्ही ओढण्यांचा पडदा, पाणी, सगळे खरे सांगून टाकले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी ती यादी मागून घेतली आणि दिव्याखाली उभे राहून वाचली.

"इसमें दरवाज़े की कड़ी नहीं लिखी," ते म्हणाले.

मुलीने पेन काढून तिथेच लिहिली. सामने मागण्याचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे, अजून सही झालेली नाही. खोलीचे माप मात्र घेऊन झाले आहे. कडी बसवायला सुतार गुरुवारी येतो म्हणाला आहे.