मधमाश्यांचे कुंपण

‘परमेश्वराच्या सृष्टीवर प्रेम करा,’ असे रविवारच्या प्रवचनात आम्ही कितीदा तरी सांगितले असेल. आफ्रिकेतील एखाद्या शेतकऱ्याने पीक राखताना हत्तीवर भाला उगारला, असे वाचले की आम्ही मनोमन त्या शेतकऱ्यालाच दोषी ठरवीत असू. दुरून प्रेम करणे फार सोपे असते.

केनियातील एका संशोधनाने आमची ही चूक आमच्या पदरात घातली. त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी सागाला हा शेतकऱ्यांचा भाग आहे. सव्हानाच्या गवताळ रानातून हत्ती मक्यात शिरले, की घरच्यांचे अन्न एका रात्रीत नाहीसे होते.

मधमाश्यांची पोळी असलेली झाडे हत्ती टाळतात, हे व्होलराथ आणि डग्लस-हॅमिल्टन या संशोधकांनी २००२ साली नोंदवले होते. पुढे डॉ. ल्यूसी किंग यांनी चिडलेल्या माश्यांचा ध्वनिमुद्रित आवाज हत्तींना ऐकवला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात १७ कळपांपैकी १६ कळप ८० सेकंदांच्या आत निघून गेले! एवढा धिप्पाड प्राणी. पण डोळ्यांभोवतीचा आणि सोंडेतला दंश त्याला सोसवत नाही.

यातूनच कुंपणाची कल्पना निघाली. शेताभोवती दर दहा मीटरवर पेटी टांगायची आणि पेट्या तारेने जोडायच्या. हत्तीने तार ढकलली की पेट्या हिंदकळतात आणि माश्या बाहेर पडतात. हत्ती जिवंत परततो, मका वाचतो आणि शेतकऱ्याला मधही मिळतो.

सागाला येथील नऊ वर्षांच्या निरीक्षणांचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. शेताजवळ हत्ती आल्याच्या सुमारे ४,००० नोंदींपैकी तीन चतुर्थांश वेळा ते मागे फिरले. मात्र २०१७ च्या दुष्काळानंतर माश्यांनी पेट्या सोडल्या, मधही आटला. संशोधकांनी हेही मोकळेपणाने लिहिले, म्हणून आमचा त्यांच्यावर अधिकच विश्वास बसला. पेटी रिकामी असेल, तर तार ही नुसती तारच राहते.

आम्हांला आमचे बालपण आठवले. एका रात्री मोकाट गुरांनी आमचे भाजीचे वाफे तुडवले होते. वडील पहाटे बराच वेळ बांधावर मुकाट बसून राहिले. मग उठून पुन्हा काटेरी फांद्या लावू लागले.

यापुढे सृष्टीवर प्रवचन करण्याचा प्रसंग आला, तर हत्तीविषयी बोलण्याआधी आम्ही त्या मक्याविषयी बोलू.