बिघाड नेमका कुठे?



आपल्या ग्रंथालयात दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी पुस्तकांची मोजणी होते. प्रत्येक पुस्तकावर बारकोडची चिठ्ठी आहे. हातातल्या स्कॅनरने ती वाचली की 'बीप' आवाज होतो, क्रमांक यंत्रात साठतो आणि छोट्या पडद्यावर दिसतो. यंदा ऐन मोजणीत पडद्यावरच्या निम्म्या ओळी गेल्या. आवाज यायचा, पण क्रमांक वाचता येईना. सेवाकेंद्रातून उत्तर आले की हे मॉडेल बंद झाले आहे, सुटे भाग मिळत नाहीत, नवीन घ्या. नवीन घ्यायचे म्हणजे बालविभागाच्या पुस्तकांसाठी ठेवलेल्या रकमेला हात लावायचा. आम्हाला ते पटेना.

विज्ञानाच्या बाई, प्रयोगशाळेतले भाऊ आणि नववीची चार मुले यांच्यासह आम्ही बसलो. बाईंनी लगेच पेचकस हातात घेऊ दिला नाही. आधी प्रश्न विचारले. बीप होतो का? होतो. साठलेले क्रमांक संगणकात उतरतात का? उतरवून पाहिले, सगळे बरोबर होते. म्हणजे वाचणारा भाग, स्मृती आणि बॅटरी ठीक होती. मग एका मुलीने पडद्याची वरची कड अंगठ्याने हलकेच दाबली आणि गेलेल्या ओळी क्षणभर उमटल्या. काच शाबूत होती, जोड सैल होता.

बॅटरी काढून यंत्र उघडले. अशा काही साध्या एलसीडी पडद्यांत काच आणि सर्किट यांच्यामध्ये रबराची बारीक पट्टी असते. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर एकाआड एक असतात. या पट्ट्यांमुळेच तिला झेब्रा म्हणतात. ती नीट दाबून बसलेली असली तरच प्रत्येक ओळीला वीज पोचते. आपल्या यंत्राचे स्क्रू ढिले झाले होते आणि पट्टीखाली धूळ शिरली होती. भाऊंनी दोन्ही बाजूंचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, पूर्ण सुकू दिले, पट्टी सरळ बसवली आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले. पडदा पूर्ववत झाला.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. दर पालकसभेत कोणी ना कोणी म्हणते, "सर, आमच्या मुलाला मराठी येतच नाही." तोच मुलगा वर्गात मराठी गोष्ट ऐकताना नेमक्या जागी हसतो. विचारले की उत्तर हिंदीत देतो. त्याला समजते, आत साठतेही. बाहेर तेवढे उमटत नाही. इंदूरमध्ये हे नवीन नाही. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. घरी आजी मराठीत विचारायची, आम्ही हिंदीत उत्तर द्यायचो. "याला येत नाही" असे तिने कधी ठरवून टाकले नाही. ती रोज विचारत राहिली. आज हे पान आम्ही मराठीत लिहू शकतो, ते त्या रोजच्या विचारण्यामुळे.

गणिताचेही असेच आहे. फळ्यासमोर गप्प राहणारी मुलगी दुकानात उरलेले पैसे बरोबर मोजून घेते.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना आहे की प्रगतिपत्रकात 'येत नाही' असे लिहिण्यापूर्वी दुसऱ्या रीतीने एकदा विचारून पाहावे. पालकांना विनंती की जेवताना तरी मुलांशी मराठीत बोलावे. उत्तर हिंदीत आले तर रागावू नये, पुढचा प्रश्न पुन्हा मराठीत विचारावा. विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की बंद पडलेली वस्तू टाकण्यापूर्वी तिचे काय काय चालू आहे ते तपासायचे. मात्र उघडायची ती मोठ्यांच्या देखरेखीखाली, आणि घरातल्या विजेवर चालणाऱ्या उपकरणांना हात लावायचा नाही.

विश्वस्त मंडळींना कळवण्यास आनंद वाटतो की मोजणी पूर्ण झाली आहे आणि बालविभागाची रक्कम शाबूत आहे. नव्या सत्रात त्यातून मराठी गोष्टींची पुस्तके येतील.

— प्राचार्य