दादाजानची वही आणि खानेखाना

अब्बांच्या इंतकालनंतर हिंगणघाटच्या घरात त्यांच्या पेटीत एक वही निघाली. कोणाला काय दिले, कोणाचे किती देणे राहिले, कोणाची अमानत आपल्याकडे आहे, सारे उर्दूत. आमची मुलगी नववीत, मराठी शाळेत. तिने पाने उलटली आणि विचारले, “अब्बू, दादाजाननी यात काय लिहिलंय?” आम्ही खजील झालो. वीस वर्षे लोकांच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. घरचीच मुलगी उर्दूला परकी राहिली.

त्या रात्री आम्हाला खानेखाना अब्दुर्रहीम आठवले. हिंदीच्या पुस्तकातले रहीमचे दोहे मुलांना पाठ असतात, पण हेच रहीम अनुवादकही होते हे फारसे कोणी सांगत नाही. १५५६ साली लाहोरला जन्म. चार वर्षांचे असताना वडील बैरामखान गुजरातेत पाटणला मारले गेले. अकबराने त्यांना आपल्या छत्राखाली वाढवले. पुढे दख्खनच्या मोहिमांत ते अनेक वर्षे बुऱ्हाणपुरात राहिले.

बाबराने आपल्या आठवणी चगताई तुर्कीत लिहिल्या होत्या. त्यात फरगण्याची खरबुजे आहेत, हिंदुस्थानचे आंबे आहेत, जिंकलेल्या आणि हरलेल्या लढायाही आहेत. पण नातवाच्या दरबारात फारसी चाले. तुर्की वाचणारे थोडे. आजोबांचे पुस्तक घरात असून घरालाच बंद झाले होते. अकबराच्या सांगण्यावरून रहीमनी ते फारसीत आणले आणि १५८९ साली बादशहापुढे ठेवले. स्वतः कवी असूनही त्यांनी आपली कलाकुसर चढवली नाही. मुळाला धरून राहिले. १८२६ साली निघालेले इंग्रजी भाषांतरही बहुतांशी याच फारसीवरून झाले.

बादशहाच्या घरात तीन पिढ्यांत जे झाले, तेच आमच्या घरात झाले. फरक एवढाच, की आमच्याकडे कोणी खानेखाना येणार नाही.

म्हणून दर जुम्म्याला असरनंतर आम्ही बापलेक वही घेऊन बसतो. एक ओळ आम्ही वाचतो, ती मराठीत लिहिते. पुढची ओळ तिने अक्षरे जुळवत वाचायची. ‘अमानत’साठी तिने ‘ठेव’ लिहिले, मग खोडले. म्हणाली, “ठेव तर बँकेतही असते.” शेवटी अमानत तशीच राहिली.

चौथ्या पानावर एका शिंप्याचे तीनशे रुपये देणे निघाले. तो आता हयात नाही. आम्ही दोघांनी जाऊन ते त्याच्या मुलाच्या हाती दिले. ती ओळ कोणी वाचलीच नसती, तर अब्बांच्या मानेवरचे ते कर्ज तसेच राहिले असते.

तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. वाचणारे आहेत तोवर ती उघडा, आणि मुलांना शेजारी बसवा.