लेकीची लेक सून झाली

आमच्या घराण्याची वंशावळ मूळची मोडीतली. चुलतआजोबांनी ती बाळबोधीत उतरवली आणि मी ग्रॅम्प्स या मोफत वंशावळ-सॉफ्टवेअरमध्ये भरली. कागदावर जसं होतं तसंच भरायचं, एवढं पथ्य पाळलं होतं. त्यामुळे तासगाव कुठे सातारा जिल्ह्यात आलं, कुठे दक्षिण साताऱ्यात, कुठे सांगलीत.

आणि तिन्ही नोंदी खऱ्याच. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा वेगळा झाला. २१ नोव्हेंबर १९६० पासून त्याचं नाव सांगली. आटपाडी तर १९४८ मध्ये संस्थानं विलीन होईपर्यंत औंधच्या पंतप्रतिनिधींकडे होती. जुन्या जन्मनोंदीतला 'सातारा' खोडून 'सांगली' लिहिणं मला पटत नव्हतं. ग्रॅम्प्समध्ये गाव एकदाच नोंदवून ते कोणत्या काळात कोणत्या जिल्ह्यात होतं, हे तारखांसकट लिहिता येतं. मला ते फार आवडलं.

आता एकाच गावाच्या वेगवेगळ्या नोंदी शोधून एक करायच्या होत्या. त्या हाताने चाळण्यापेक्षा पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या. डेटाबेसकडे एकेक ठिकाण मागायचं, बघायचं, पुढचं मागायचं. सगळा पसारा एकदम मेमरीत ओतावा लागत नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी: फेरी चालू असताना नोंदी एकमेकींत मिसळू नयेत, कारण ज्या यादीवरून आपण चाललोय तीच बदलते आणि एखादी नोंद निसटते. प्रत्येक नोंदीला 'हँडल' नावाची आतली खूण असते. आधी खुणा टिपायच्या, फेरी संपली की सगळे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायचे. काही बिघडलंच तर सगळं एकदम मागे घेता येतं.

मग माणसांची फेरी. प्रत्येकाला एकच प्रश्न: तुझे आईवडील नोंदलेत का? पुरुषांची उत्तरं धडाधड आली. सुनांच्या जागा मात्र रिकाम्या. मोडी कागदावर त्या फक्त सासरच्या नावाने होत्या, कुणाची बायको आणि कुणाची आई एवढ्यापुरत्या. डोळ्यांनी वाचताना आपण त्यांच्यावरून सहज पुढे जातो. फेरी मात्र कुणालाच वगळत नाही.

गावं एक झाल्यामुळे मात्र एक जोडी वर आली. तासगावात एकाच साली जन्मलेल्या दोघी: एक आमच्या लेकीची लेक, दुसरी आमची सून. जन्मसाल आणि गाव जुळलं म्हणून माणूस एकच ठरत नाही, म्हणून सांगलीच्या काकूंना फोन केला. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, ती शेवंताच की! मामाच्या घरात दिली तिला. लग्नात नाव बदललं."

आमच्याकडे मामाच्या मुलाशी लग्न ही पूर्वापार रीत. लेकीची लेक सून होऊन परत घरात आली होती आणि कागदाला पत्ताच नव्हता. दोन्ही नोंदी एक केल्या. मुख्य नाव माहेरचं ठेवलं, सासरचं पर्यायी नाव म्हणून जोडलं. तो निर्णय माझा, आणि मी तो बदलणार नाही.

त्यानंतर तिच्या नातवापासून पूर्वजांकडे चढणारी आज्ञावली चालवली, तर शेवंताचे आजीआजोबा दोनदा भेटले: एकदा तिच्या आईकडून, एकदा तिच्या सासऱ्यांकडून. सपाट फेरीत प्रत्येक माणूस एकदाच येतो; पिढ्या चढत गेलं की जितक्या वाटा तितक्यांदा. म्हणून भेटलेल्यांच्या खुणा लक्षात ठेवणारा संच जोडावा लागला. आमच्यासारख्या घरांत तो पहिल्यापासूनच हवा.

उरलेल्या सुनांची यादी आता गाववार काढली आहे. बऱ्याचजणींचं माहेर कोरेगाव-खटावकडचं असल्याचं काकू सांगतात. त्या गावांच्या जुन्या जन्ममृत्यू नोंदवह्या मोडीत आहेत, म्हणून आधी मोडी शिकायला घेतली आहे.