विंडोज बदलण्याआधी आपली जुनी मराठी सांभाळा



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. घरगुती वापरासाठी वेगळी नावनोंदणी केली तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण पुढे विंडोज ११ कडे जावं लागणारच. दिवाळीच्या सुट्टीत मी नायगावच्या आमच्या घरचा संगणक त्यासाठी तयार केला. त्यात एक गोष्ट कळली, ती मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या उपयोगाची आहे, म्हणून हा लेख.

आधी संगणक पात्र आहे का ते बघा. कमीत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं मोफत ॲप हे सगळं तपासून सांगतं. आमचा संगणक २०१९ चा. त्यात टीपीएम होतं पण बंद होतं, बायोसमध्ये जाऊन सुरू केलं. ही सोपी बाजू.

खरा प्रश्न फाइलींचा. नेहमीच्या पद्धतीने अपग्रेड केलं तर आपल्या फाइली, सॉफ्टवेअर आणि फॉन्ट जागेवर राहतात. पण दुकानात नेला की बरेचदा ऐकायला मिळतं, "सर, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो." मग सी ड्राइव्ह पुसला जातो. आपण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइली पेनड्राइव्हवर घेतो आणि निर्धास्त होतो. फॉन्ट मात्र कोणी घेत नाही!

तुमच्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नपत्रिका, निबंध, स्नेहसंमेलनाची नाटुकली कशात टाइप केली आहेत, आठवा. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, डीव्हीबी योगेश? हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की संगणक 'म' साठवतच नाही. तो साठवतो ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं. फॉन्ट फक्त त्या 'ई'च्या जागी 'म'चं चित्र दाखवतो. म्हणजे फॉन्ट गेला की फाइल शाबूत, पण मराठी गायब! युनिकोडमध्ये तसं नाही. रोमन 'ई'चा क्रमांक १०१ आणि 'म'चा स्वतःचा क्रमांक २३५०. त्यामुळे तो कोणत्याही फोनवर, कोणत्याही देशात 'म'च राहतो.

तपासायची सोपी युक्ती सांगतो. जुन्या फाइलीतली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर फॉन्ट जुना.

आमच्या घरी अशी एक फाइल निघाली. आमच्या आगरी समाजात लग्नात धवलारीण धवले गाते. माझी आत्या धवले गायची. २००८ मध्ये तिला समोर बसवून मी ते कृतिदेवमध्ये उतरवून घेतले होते. आत्या आता नाही. घरात दुसरीकडे कुठे ते लिहिलेले नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवलेली ओळ वाचताच येईना, तेव्हा अंगावर काटा आला.

मग मी क्रमाने असं केलं.

१. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातून 'फॉन्ट्स' उघडून सगळे मराठी फॉन्ट पेनड्राइव्हवर घेतले.

२. प्रत्येक महत्त्वाच्या जुन्या फाइलीची पीडीएफ केली. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे वाचता तरी येतं.

३. फॉन्ट कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला. मूळ फाइल तशीच ठेवली.

४. सगळ्याच्या दोन प्रती केल्या. एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक ऑनलाइन.

तिसऱ्या पायरीला वेळ द्या. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि 'वार्षिक'सारख्या शब्दात तो घसरू शकतो. प्रश्नपत्रिकेतली चूक आपल्या लगेच लक्षात येते. धवल्यातले शब्द बोलीतले, ते कुठल्या शब्दकोशात शोधणार? म्हणून मी एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि आई ऐकत राहिली. काही ठिकाणी ती म्हणाली, "असा नाय," आणि गाऊन दाखवलं. तीन संध्याकाळी लागल्या. आता तो मजकूर माझ्या मुलीच्या फोनवरही वाचता येतो.

आणखी दोन गोष्टी. 'गुगल इनपुट टूल्स'ची विंडोजवर टाकायची जुनी आवृत्ती गुगल आता देत नाही, म्हणून फॉरमॅटनंतर ती परत मिळेल असं धरून चालू नका. विंडोजमध्येच 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड आहे, त्याची सवय आधीच करा. आणि अपग्रेड चालू असताना वीज जाता कामा नये. आमच्या भागात विजेचा भरवसा नाही, म्हणून मी संगणक इन्व्हर्टरवर लावूनच काम सुरू केलं. नवीन विंडोज जमलं नाही तर साधारण १० दिवसांच्या आत मागे जाता येतं, तोवर काही पुसू नका.

पालकहो, हे काम मुलांना शेजारी बसवून करा. 'ई'चा 'म' कसा होतो हे त्यांना एकदा दाखवलं की युनिकोड वेगळं शिकवावं लागत नाही. शिक्षकहो, शाळेच्या कपाटातल्या जुन्या सीडी या रविवारी काढा. त्या टाइप करणारी माणसं अजून भेटतात, विचारता येतं, तोवरच हे काम सोपं आहे.