मोर्चाला मी नको म्हणाले

मला लेख लिहिता येत नाही. हिशोब लिहिता येतो. आमच्या बचत गटाची सचिव म्हणून पंधरा-सोळा वर्षं मी हजेरी, बिलं आणि ठराव एवढंच लिहीत आले. तेव्हा हे पण बिलच समजा. फक्त लई उशिरा दाखल केलेलं.

२०१० च्या एप्रिलात, जयंतीच्या आठ दिवस आधी, वस्तीतली पोरं माझ्या दारात आली होती. म्हणाली, "काकू, गटाचं बिल सरकारनं सहा महिने दाबलंय. आपण प्रकल्प कार्यालयावर मोर्चा काढू. निळे झेंडे घेऊन जाऊ, बघू कसे देत नाहीत." मी नको म्हणाले. पोरं नाराज झाली. एकजण जाताना बोललाच, "काकू आता ठेकेदार झाल्या." ती पोरं आता बाप झाली, त्यांच्या जागी तुम्ही आलात. तुम्हीही मला परवा तेच विचारलं की तेव्हा मोर्चा का झाला नाही. तर सांगते.

आधी हे काम आमच्याकडं आलं कसं ते ऐका. आमच्या गावात अंगणवाड्या दोन, दोन्ही गावात. एक तर देवळाच्या ओसरीवर भरायची. आपली लेकरं तिथं जायची म्हणजे काय व्हायचं ते मी सांगायची गरज नाही. पायरीवर बसायची, ताटली घरून न्यायची, वरून वाढून घ्यायची. आयाच पाठवायच्या नाहीत मग. अन्नाच्या हक्काचा जो खटला २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चालला होता, त्यात १३ डिसेंबर २००६ ला आदेश झाला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० लेकरं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीनं मागितली की तीन महिन्यांत द्यायची, आणि दलित-आदिवासी वस्त्यांना आधी द्यायची. हा कागद एका शिबिरात आमच्या हाती पडला. आम्ही घरोघर फिरून लेकरं मोजली. एकोणऐंशी निघाली! आपल्या वस्तीत इतकी लेकरं आहेत हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. अर्ज केला, परत केला, तिसऱ्यांदा केला. तीन महिन्यांचं सव्वा वर्ष झालं, पण २००८ ला अंगणवाडी आली. समाजमंदिरात.

त्याच खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ चा अजून एक आदेश होता. अंगणवाडीच्या आहाराला ठेकेदार लावायचा नाही. होता होईल तो गावातल्या बायांच्या गटाकडून, महिला मंडळाकडून धान्य घ्यायचं आणि शिजवून घ्यायचं. ते वाचून आम्ही दहाजणींनी ठराव केला. शंभराच्या स्टँपवर करारनामा झाला. गटाला रमाईचं नाव, तो रबरी शिक्का मी स्वतः तालुक्याहून करून आणला होता. अध्यक्ष मावशींनी अंगठा केला आणि वर शिक्का मारला तेव्हा मावशी म्हणल्या, "सरकारनं माज्यासंगं लिखापडी केली गं बाई." मला हसू आलं. रडू पण आलं.

आता तुम्हा शिकलेल्या पोरांना एक गणित घालते. केंद्रानं तेव्हा नुकताच दर वाढवला होता. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला दिवसाला ४ रुपये. त्याआधी २ होता. आमच्याकडं या वयाची लेकरं ३८. महिन्याचे दिवस २५. अडतीस गुणिले पंचवीस गुणिले चार, म्हणजे ३८०० रुपये. यात तांदूळ, डाळ, तेल, गूळ, मीठमिरची, पऱ्हाट्या-सरपण, आणि दोन बायांची मजुरी. २००९ साल डाळीचं कसं गेलं आठवा. तूरडाळ ऐंशी-नव्वदीला पोचली होती. कागदावर लेकराच्या पोटात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं जायला पाहिजेत. चार रुपयांत.

तरी जमलं असतं. ते का जमलं नाही तिथं खरी मेख आहे. गटाला एकाहून जास्त अंगणवाड्यांचं काम मिळू शकत होतं. गावातल्या दोन अंगणवाड्यांची लेकरं धरली तर आमचे अडतीस आणि त्यांचे नव्वद, सव्वाशेच्या वर ताटं झाली असती. एवढ्या ताटांना चूल एकच लागते, सरपण काय तिप्पट लागत नाही. बाया पण तीनच लागल्या असत्या. त्यात चार पैसे सुटतात. आम्ही अर्ज केला. गावातून कुणी म्हणलं नाही की म्हारणीच्या हातचं खाणार नाही. आता तसं कुणी म्हणत नसतं, कायदा आहे. एवढंच म्हणले की, "आमच्या लेकरांना ती चव चालत न्हाई." नव्वद लेकरांच्या जिभा एका दिवसात एकसारख्या झाल्या! शाळेच्या आहारात स्वयंपाकी नेमताना दलितांना प्राधान्य द्या असं त्याच कोर्टानं २० एप्रिल २००४ ला सांगितलेलं होतं. मी त्याचा कागद दाखवला. साहेब म्हणले, ते शाळेचं आहे, हे अंगणवाडीचं आहे. गावचं काम गावच्या गटाला गेलं. आमच्या करारात जात कुठं लिहिली नाही. लाभार्थी संख्या ३८, एवढंच लिहिलं. त्या आकड्यातच होती ती.

जून २००९ ला चूल पेटली. जूनचं बिल जुलैत दिलं. सेविकेची सही, मुख्यसेविकेची सही, प्रकल्प कार्यालयाचा आवक शिक्का. ग्रँट आली नाही. जुलैचं दिलं, ऑगस्टचं दिलं. ग्रँट आली नाही. दिवाळीपर्यंत पाच महिने, म्हणजे एकोणीस हजार रुपये आम्ही दहा मजूर बायांनी सरकारला उधार दिले होते. किराणावाला शेवटी बोलला, "सरकारला उधार द्यायला मी काय बँक हाय का?" मग माझी कानातली फुलं गेली, एकीची शेळी गेली. बड्या माणसाला बिल सहा महिने थांबलं तर त्याचं व्याज जातं. आमचं थांबलं की चूलच विझते. आणि चूल विझली की करार रद्द करायचं कलम मात्र त्या करारात पक्कं लिहिलेलं होतं. बिल कधी मिळेल याचं एक कलम नव्हतं. सही करताना ते मी वाचलं नाही. शिक्क्याच्या आनंदात राहिलं.

डिसेंबरात एक जीप आली. माणूस चांगल्या घरचा वाटला, मावशींच्या पाया पडला. म्हणला, "गट तुमचाच राहील, शिक्का तुमचा, सही तुमची. माल मी टाकतो, बिल मी काढतो. तुम्हाला महिन्याला हजार रुपये घरबसल्या." त्या रात्री समाजमंदिरात आमची भांडणं झाली. चौघी म्हणल्या घ्या. त्यांना मी नावं ठेवत नाही, शेळी तिचीच गेली होती. सहाजणी नको म्हणलो. मी लई बोलले त्या रात्री. बाबासाहेबांचं नाव घेतलं, रमाईचं घेतलं. जीप परत गेली.

आणि जानेवारीत मी हजेरी वाढवली.

असं झालं. अडतीसमधली सात लेकरं दिवाळीनंतरच आईबापासोबत ऊसतोडीला गेली होती. राहिली एकतीस. ३८ च्या हिशोबातच भागत नव्हतं, ३१ मध्ये काय भागणार? कार्यालयातून हळूच सुचवलं गेलं, "आकडा करारातलाच ठेवा, सगळेच ठेवतात, नाहीतर पुढच्या साली तुमची संख्या कमी धरतील." सेविकेचं स्वतःचं मानधन थकलेलं, ती पण काही बोलली नाही. मी हजेरीपटावर सात नावांपुढं टिकल्या मारल्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. सात लेकरं, पंचवीस दिवस, चार रुपये, तीन महिने. एकवीसशे रुपये झाले. घरी नेले नाहीत, किराण्याच्या उधारीत जातील असं मनाला सांगितलं. चोरी करताना माणूस किती नीट हिशोब करतो!

म्हणून एप्रिलात तुमच्यासारखीच पोरं मोर्चा काढू म्हणली तेव्हा मी नको म्हणाले. मोर्चा गेला असता तर साहेबांनी पहिलं काय केलं असतं? हजेरीपट मागवला असता. दहा महिने थकलेलं आमचं हक्काचं बिल, त्यावर आम्ही ओरडायचं, आणि त्यात तीन महिने खोटे. ज्यानं आकडा वाढवा म्हणलं त्याच्याच हातात माझं तोंड होतं. ठेकेदाराला आम्ही हाकललं होतं, आणि त्याचंच काम मी त्याच्याविना केलं होतं.

एवढंच असतं तरी मी हे लिहिलं नसतं. एप्रिल सरता सरता ऊसतोडीवाले परत आले. त्या सातांतली एक पोरगी, चार वर्षांची. नाव लिहीत नाही, ती आता कॉलेजात जाण्याएवढी आहे. बैलगाडीतून उतरवली तर मी ओळखलीच नाही. पाय काड्या, केस तांबूस, पोट पुढं. वजन केलं तर तक्त्यावर काटा लाल पट्ट्यात. आरोग्य केंद्रात नेली. तिथं डॉक्टरीणबाईंनी अंगणवाडीचा कागद मागितला, वाचला आणि माझ्याकडं बघून म्हणल्या, "हजेरी तर पूर्ण आहे. रोज जेवलीय. मग ही अशी कशी?" मी तिथंच उभी होते. बोलले नाही.

माझ्या कागदावर ती पोरगी समाजमंदिरात बसून रोज खिचडी खात होती. मग फडावर तिला कोण शोधणार? सात लेकरं गावाबाहेर उपाशी आहेत हे सरकारला कळायची एकच जागा होती, त्या सात नावांपुढची फुली. ती मी टिकली केली.

तिच्या आईचं अजून वेगळं. ती फेब्रुवारीत कोपीत बाळंत झाली. दवाखान्यात झाली असती तर जननी सुरक्षा योजनेत गावाकडच्या बाईला ७०० रुपये होते, पण नोंदणी गावात आणि बाई फडावर. बाळंतपणानंतर सातव्या दिवशी मोळ्या उचलायला उभी राहिली, कारण खाडा झाला की मुकादम उचलीतून पैसे कापतो. बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या बिलावर उभे राहिले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं यात देशाचंच हित आहे, आणि तो भार मुख्यतः सरकारनं उचलावा, असं ते म्हणले. पुढच्या साली कायदा झाला, तो कारखान्यातल्या बायांसाठी. ऊस कारखान्यातच जातो, पण तोडणारी बाई कारखान्याची नसते. ती मुकादमाची असते. हे मी भाषणात चांगलं बोलते. तेव्हा त्या बाईपुढं बोलायची माझी छाती नव्हती.

पोरगी वाचली. महिनाभर ग्राम बालविकास केंद्रात ठेवली, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं चारलं, मावशी स्वतः बसायच्या. मी गटाच्या बैठकीत सगळं सांगितलं. मावशी लई वेळ गप्प होत्या. मग म्हणल्या, "ल्ही. ठरावात ल्ही." लिहिलं. एकवीसशे पुढच्या बिलातून वजा करा असं पत्र घेऊन कार्यालयात गेले, तर तिथले हात जोडायला लागले. "बाई, गेलेलं बिल परत कुठं घेतात का? तुम्ही आम्हाला पण गोत्यात आणाल." ते पत्र आवकला घेतलंच नाही. त्याची प्रत माझ्या ट्रंकेत आहे, कुणाला बघायची तर बघा.

पुढं मोठ्या गोष्टी कळत गेल्या. आमच्या गरोदर बायांना आणि तीन वर्षांखालच्या लेकरांना जी पाकिटं यायची, जी निम्मी शेळ्यांच्या पुढं जायची, ती कुठल्या तरी लांबच्या महिला संस्थांच्या नावानं यायची. २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आयुक्तांच्या अहवालात आलं की त्या महिला संस्थांच्या मागं खाजगी कंपन्या आहेत. मग २०१६ ला निघालेली राज्याची निविदा, हजारो कोटींची, ती कोर्टानं २६ फेब्रुवारी २०१९ ला रद्द करायला लावली. तिच्या अटी अशा की आमच्यासारख्या गटानं अर्ज पण करू नये. ते वाचून आमच्यातली एक म्हणली, "बघ, त्यांच्यापुढं आपले एकवीसशे म्हंजे काय." मला ते पटत नाही. त्यांच्या खोट्या नावात आणि माझ्या खोट्या टिकलीत फरक रकमेचा आहे. पोरगी एकच होती, माझ्या यादीतली.

गट अजून आहे. कोरोनात चूल बंद होती, कोरडा शिधा वाटला. मावशी त्यातच गेल्या. आता सुना काम बघतात, मी नुसतं बिल लिहिते. दर २०१७ ला आठ रुपये झाला. उशीर आहे तसाच आहे. समाजमंदिराच्या दाराला आम्ही एक पाटी लावली आहे, रोज सकाळी किती लेकरं जेवली तो आकडा खडूनं लिहायचा, येणाराजाणारा वाचतो. करार नवा करताना बिल किती दिवसांत द्यायचं हे लिहून द्या म्हणून दोन साल अडून बसलो. अजून लिहून दिलेलं नाही.

या महिन्यात पटावर बत्तीस. जेवली बावीस. दहा फडावर आहेत. त्या दहांची नावं, वय, कुठल्या कारखान्याच्या हद्दीत गेली, मुकादम कोण, हे वेगळ्या कागदावर लिहून बिलाला जोडलं आहे. मागच्या खेपेला बिल ठेवून घेतलं आणि टाचणी काढून तो कागद परत दिला. बुधवारी पुन्हा न्यायचा आहे. साडेनऊची एसटी आहे, कुणाला यायचं असेल तर फाट्यावर थांबा.